तलवार आणि कागद : फ्रेंच साहसकादंबरीतील नायकाची घडण

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीचा इतिहास सांगताना स्टांदाल, बाल्झाक आणि फ्लोबेर यांची नावे ओळीने घेतली जातात. अलेक्झांद्र द्यूमा, पोल फेव्हाल, मिशेल झेव्हाको यांचा उल्लेख झालाच, तर तो 'लोकप्रिय साहित्य' या शीर्षकाखालच्या वेगळ्या प्रकरणात होतो. या विभागणीच्या मुळाशी एक गृहीत आहे. पिसांची टोपी घातलेला, कमरेला तलवार लटकवणारा आणि खिडकीतून उडी टाकून पसार होणारा नायक ज्या कादंबरीत वावरतो, त्या कादंबरीचा इतिहासाशी असलेला संबंध वेशभूषेपुरताच असतो. तिच्यात इतिहासाचे आकलन नसते, असे ते गृहीत होय. ते तपासून पाहण्याजोगे आहे; कारण या नायकाची घडण ज्या दोन काळांच्या सांध्यावर झाली, ते दोन्ही काळ त्याच्या अंगावर आपापले वळ उठवून गेले आहेत.

या वाङ्मयप्रकाराला फ्रेंचमध्ये 'झगा आणि तलवार' यांची कादंबरी म्हणतात. ही संज्ञा स्पॅनिश रंगभूमीवरून आलेली आहे. लोपे दे व्हेगा आणि काल्देरोन यांच्या काळातील ज्या सुखात्मिकांत सरदारपुत्र रस्त्यावरच्या नेहमीच्या वेषात वावरत, त्यांना झगा आणि तलवारीची नाटके म्हणत. संज्ञेत गुणांचा उल्लेख नाही. आहे तो पोशाखाचा आणि शस्त्राचा. तलवार बाळगणे ही त्या समाजात हौस नव्हती, तो उच्चकुलीनतेचा उघड पुरावा होता. द्यूमाचे वाचक मात्र १८४४ सालचे. त्यांत दुकानदार होते, कारकून होते, वकील होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात तलवार हाती धरली नव्हती. अशा वाचकांना तलवारबहाद्दर नायकाची ओढ का वाटावी, हा खरा प्रश्न आहे. स्मरणरंजन हे त्याचे सोपे उत्तर. परंतु ते अपुरे आहे.

१

प्रथम तो काळ पाहू, ज्यात या कथा घडतात. तेराव्या लुईच्या कारकिर्दीत, १६२२ मध्ये, मस्केटिअरांचे पथक उभे राहिले. १६२६ मध्ये रिशेल्यूच्या प्रभावाखाली द्वंद्वयुद्धाविरुद्ध कडक राजाज्ञा निघाली. द्वंद्वाला बंदी घालणाऱ्या आज्ञा पूर्वीही निघाल्या होत्या. पण त्या मोडणाऱ्याला बहुधा माफी मिळे. फ्रान्स्वा द मोंमोरांसी-बूतव्हील या मोठ्या घराण्यातील सरदाराने १२ मे १६२७ रोजी पॅरिसच्या प्लास रोयाल या चौकात दिवसाढवळ्या द्वंद्व केले आणि त्याच वर्षीच्या २२ जूनला त्याचा शिरच्छेद झाला. या शिक्षेचा अर्थ स्पष्ट होता. आपल्या मानापमानाचा निवाडा आपल्याच तलवारीने करण्याचा अधिकार उमरावांकडून काढून घेऊन तो राज्यसंस्थेने स्वतःकडे घेतला होता. हिंसेची मक्तेदारी केंद्रसत्तेकडे जाण्याच्या दीर्घ प्रक्रियेतील हा एक ठळक टप्पा होय.

'तीन मस्केटिअर' या कादंबरीचा आरंभ १६२५ मधला आहे. पॅरिसला पोहोचताच दार्तान्याँ एकाच दिवशी तिघांशी द्वंद्व ठरवून बसतो आणि पहिल्या द्वंद्वाची तलवार उपसली जाते न जाते तोच कार्डिनलचे शिपाई राजाज्ञेची आठवण देत तेथे येऊन ठेपतात. प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेले चौघे या हस्तक्षेपामुळेच मित्र होतात. कादंबरीतील सुप्रसिद्ध मैत्रीचा जन्म अशा रीतीने एका कायद्याच्या उल्लंघनातून झालेला आहे. रंजकतेच्या आड हा तपशील सहसा हरवतो.

दार्तान्याँ हे काल्पनिक नाव नव्हे. शार्ल द बात्स-कास्तेलमोर हा गॅस्कनीतील लहानशा उमराव घराण्यातील पुरुष आईच्या कुळाचे हे नाव लावीत असे. १६६१ मध्ये अर्थमंत्री फूके याला त्याने अटक केली आणि १६७३ मध्ये मास्त्रिख्तच्या वेढ्यात तो मारला गेला. त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १७०० मध्ये, गासियाँ द कूर्तिल्झ द सांद्रास या लेखकाने त्याच्या नावावर बनावट 'आठवणी' प्रसिद्ध केल्या. द्यूमाने आपले पात्र उचलले ते या पुस्तकातून. आतोस, पोर्तोस आणि आरामिस ही नावेही तेथूनच आलेली आहेत. मात्र कूर्तिल्झकडे ते तिघे भाऊ आहेत. प्रत्यक्ष दार्तान्याँ १६२५ मध्ये पोरवयात होता, आणि कादंबरीत पथकाचा नायक म्हणून दिसणारा त्रेव्हील हा खरोखर त्या पदावर आला तो १६३४ मध्ये. द्यूमाने कालक्रम असा मागे ओढला, त्याचे कारण उघड आहे. त्याला रिशेल्यू हवा होता. नायकासमोर नुसता दुष्ट माणूस उभा करून भागणार नव्हते. आकार घेत असलेली राज्यसंस्थाच समोर हवी होती.

२

दुसरा काळ या कथा लिहिल्या गेल्या तो. १ जुलै १८३६ रोजी एमिल द जिरार्दँ याचे 'ला प्रेस' आणि द्यूताक याचे 'ल सिएक्ल' ही दोन दैनिके एकाच दिवशी सुरू झाली. वार्षिक वर्गणी ८० फ्रँकांच्या आसपास असण्याच्या त्या दिवसांत त्यांनी ती ४० फ्रँकांवर आणली. तूट जाहिरातींनी भरून काढायची, तर जाहिरातदारांसाठी वाचक वाढवणे आले; आणि वाचक टिकवण्याचे साधन म्हणून पानाच्या तळाशी क्रमशः कादंबरी छापण्याची प्रथा रुजली. बाल्झाकची 'म्हातारी कुमारिका' त्याच वर्षी 'ला प्रेस'मध्ये आली. १८४२-४३ मध्ये एजेन स्यू याच्या 'पॅरिसची रहस्ये' या कादंबरीने या प्रथेची ताकद सिद्ध केली. 'तीन मस्केटिअर' मार्च ते जुलै १८४४ या काळात 'ल सिएक्ल'मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती संपल्यावर काही आठवड्यांतच 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' दुसऱ्या दैनिकात सुरू झाली.

या व्यवहारावर टीका तत्काळ झाली. सँत-बव्ह याने १८३९ मध्येच 'औद्योगिक साहित्य' या नावाने त्याची संभावना केली होती. ओळींच्या हिशेबाने पैसे घेणारा लेखक साहित्याचा कारखाना काढतो, हा त्या टीकेचा गाभा. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. आतोसचा नोकर ग्रिमो एकेका शब्दात उत्तरे देतो, त्यामागे ओळी वाढवण्याचीच युक्ती होती, अशी आख्यायिका आहे. परंतु प्रसिद्धीच्या या रीतीने केवळ लांबी वाढवली नाही. नायकाची संकल्पनाही बदलली. रोजच्या अंकाला प्रसंग हवा, प्रसंगाला निर्णय हवा, निर्णयाला संवाद हवा. दीर्घ आत्मचिंतनात रमणारा स्वच्छंदतावादी नायक या घाटात टिकणे कठीण होते. स्कॉटचा नायक दोन पक्षांमध्ये घोटाळत राहतो आणि त्याच्या घोटाळण्यातून दोन्ही बाजूंचे दर्शन घडते, हे लुकाचने १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ऐतिहासिक कादंबरीविषयीच्या ग्रंथात दाखवून दिले. द्यूमाचा नायक घोटाळत नाही. तो आधी तलवारीला हात घालतो. मग इतिहासातील अनेक बाजू प्रकट व्हायच्या कशा? द्यूमाने त्यासाठी एक नायक चौघांत विभागला. सरंजामी प्रतिष्ठेचा शेवटचा अवशेष आतोसमध्ये, देहबळ आणि संपत्तीची हाव पोर्तोसमध्ये, धर्मपीठाची कारस्थाने आरामिसमध्ये आणि नशीब काढायला राजधानीत आलेला निर्धन तरुण दार्तान्याँमध्ये, अशी ती वाटणी आहे.

यांपैकी चौथा वाचकाच्या अधिक जवळचा. पंधरा एक्यू, पिवळट रंगाचे हास्यास्पद घोडे आणि एक शिफारसपत्र एवढ्या भांडवलावर दार्तान्याँ गॅस्कनीतून निघतो. खेड्यातून पॅरिसला येऊन वर चढू पाहणारा तरुण ही १८३० नंतरच्या फ्रेंच कादंबरीची मध्यवर्ती आकृती आहे. स्टांदालचा झ्युलियाँ सोरेल आणि बाल्झाकचा रास्तिन्याक हे तिचे सर्वपरिचित आविष्कार. दार्तान्याँ हा त्यांचा धाकटा भाऊ शोभतो. फरक असा की, झ्युलियाँला जे दंभाने आणि रास्तिन्याकला जे तडजोडीने साधावे लागते, ते दार्तान्याँला उघड शौर्याने साधता येईल असे आश्वासन साहसकादंबरी देते. ते आश्वासन ती पाळते का, हे पाहण्यासाठी कथानकातील एका दुर्लक्षित वस्तूकडे वळावे लागते. ती वस्तू म्हणजे कागद.

३

तलवारीच्या या कादंबरीत निर्णायक क्षणी कागद पुढे येतो. आरंभीच मँग येथील खानावळीत दार्तान्याँचे शिफारसपत्र चोरीला जाते. राणीची हिरेजडित आभूषणे आणण्यासाठी तो इंग्लंडला निघतो, तेव्हा तलवारीच्या बळावर तो कॅलेपर्यंत पोहोचतो खरा. पण समुद्र ओलांडण्यासाठी वार्द नामक सरदाराला जखमी करून कार्डिनलने दिलेला त्याचा परवाना त्याला पळवावा लागतो. म्हणजे कार्डिनलविरुद्धची मोहीम पार पडते ती कार्डिनलच्याच सहीने. पुढे आतोस मिलेदीकडून एक चिठ्ठी हिसकावून घेतो. तिच्यात कृत्याचे नाव नाही, व्यक्तीचे नाव नाही. जे काही झाले ते राज्याच्या हितासाठी आणि आपल्याच हुकमाने झाले, एवढी ग्वाही रिशेल्यूने दिलेली आहे. मिलेदीच्या हत्येनंतर दार्तान्याँला कार्डिनलसमोर उभे केले जाते, तेव्हा तो तलवार उपसत नाही. तो ती चिठ्ठी पुढे करतो. रिशेल्यू ती सावकाश फाडतो आणि दुसरा कागद लिहून देतो. तो असतो मस्केटिअर पथकातील लेफ्टनंटच्या नेमणुकीचा आणि त्यातही नावाची जागा कोरी असते.

हे दृश्य सुखान्त म्हणून वाचण्याची प्रथा आहे. पण सुख कोणाचे झाले? ज्या सत्तेविरुद्ध नायकाने कादंबरीभर झुंज दिली, तीच सत्ता त्याला पगारी अधिकारी करून घेते. दार्तान्याँ तो कागद तिन्ही मित्रांपुढे ठेवतो आणि तिघेही तो नाकारतात. पोर्तोस एका वकिलाच्या श्रीमंत विधवेशी लग्न करणार असतो, आरामिस धर्मसेवेत जाणार असतो. आतोसच्या नकारातील पेच सर्वांत मार्मिक आहे : साध्या मस्केटिअरच्या मानाने ती नेमणूक फार मोठी आणि खानदानी काउंटच्या मानाने फार लहान. सरंजामी प्रतिष्ठा आणि नोकरीतील दर्जा ही दोन मापे एकमेकांना लावता येत नाहीत, हे येथे कोणत्याही भाष्याविना सांगितले गेले आहे. शेवटी कोऱ्या जागेत दार्तान्याँचे नाव आतोसच लिहितो.

उरलेल्या दोन भागांत हीच दिशा पुढे जाते. ऑक्टोबर १८४७ ते जानेवारी १८५० या काळात प्रसिद्ध झालेल्या 'व्हिकोंत द ब्राजलोन'मध्ये चौदाव्या लुईची निरंकुश सत्ता स्थिरावते आणि चौघांची चार प्रकारे वासलात लागते. राजाने आपल्या मुलाच्या वाग्दत्तेला जवळ केले, याचा जाब विचारून आतोस आपली तलवार मोडून टाकतो. पोर्तोस बेल-ईल बेटावरील गुहेत खडकांखाली चिरडला जातो. राजाच बदलण्याचा आरामिसचा कट फसतो. जिवंत राहतो तो एकटाच, आणि तो अगोदरपासूनच तलवारीपेक्षा कारस्थानावर विसंबलेला आहे. दार्तान्याँ फूकेला पकडून देतो, राजाला शरण जातो आणि अखेरीस वेढ्याच्या मैदानावर मार्शलचा दंड हाती पडताच तोफगोळ्याने कोसळतो. प्रत्यक्षातल्या दार्तान्याँला ते पद कधी लाभले नाही. द्यूमाने ते दिले, पण एका क्षणापुरतेच. या कादंबरीचे प्रकाशन चालू असतानाच फेब्रुवारी १८४८ ची क्रांती झाली आणि लुई-फिलिपची राजवट कोसळली, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्याच १८४४ मध्ये सुरू झालेल्या 'माँटे क्रिस्टो'कडे या दृष्टीने पाहिले, तर दोन कादंबऱ्या एकमेकींच्या पूरक ठरतात. एदमों दांतेस निनावी पत्रामुळे तुरुंगात पडतो, अर्धवट जळालेल्या कागदावरून खजिना शोधतो, अमर्याद पतीचे पत्र घेऊन शत्रूच्या पेढीत पाऊल टाकतो आणि तारायंत्रावरील माणसाला लाच देऊन खोट्या बातमीने त्या पेढीला हादरा देतो. सूड जुनाच आहे, हत्यारे नवी आहेत. एकाच लेखकाने जवळजवळ एकाच वेळी तलवारीचा अस्त आणि पतपत्राचा उदय सांगावा, ही गोष्ट आकलनाच्या अभावाची खूण खास नव्हे.

४

या वाचनाने नायकाचे समर्थन होते असे मात्र नाही. मिलेदीचे पात्र या नायकसंकल्पनेची दुखरी जागा आहे. धाडस, वेषांतर, वाक्चातुर्य, बनावट ओळख आणि कार्डिनलचे परवाने या साऱ्या साधनांवर तिची हुकमत चौघांइतकीच, किंबहुना अधिक आहे. तिच्याकडे नाही ती मित्रांची साखळी, आणि नाही तो साहस करण्याचा सामाजिक परवाना. दार्तान्याँ अंधारात वार्द असल्याची बतावणी करून तिची शय्या मिळवतो. कादंबरी त्याला खोडकरपणाच्या सदरात टाकते. तिच्या खांद्यावरील डागणी मात्र तिच्या अंतिम शिक्षेचा आधार होते. रात्री नदीकाठी भरलेल्या त्या न्यायसभेत फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच आहेत. खाजगी सूडाचा जो अधिकार राज्यसंस्थेने उमरावांकडून हिरावून घेतला, तो ते येथे एका स्त्रीवर बजावून घेतात, आणि तोही भाडोत्री जल्लादाकरवी. आतोसच्या मनात याविषयीची टोचणी पुढील भागात उमटते. मिलेदीचा मुलगा तेथे सूड घेण्यासाठी परततो. द्यूमाला हा डाग दिसला होता. तो पुसण्याची वाट त्याच्या वाङ्मयप्रकारात नव्हती.

५

नायकाचा प्रश्न येथे लेखकाच्या प्रश्नाला येऊन भिडतो. ओग्यूस्त माके हा इतिहासाचा शिक्षक या कादंबऱ्यांचे आराखडे आणि पहिले खर्डे तयार करीत असे. पुढे त्याने न्यायालयात दाद मागितली. १८५८ मध्ये त्याचा आर्थिक वाटा मान्य झाला. मुखपृष्ठावर नाव मात्र त्याला मिळाले नाही. त्याआधी, १८४५ मध्ये, एजेन द मिरकूर याने 'कादंबऱ्यांचा कारखाना' या आशयाची पुस्तिका काढून द्यूमावर हल्ला चढवला. तिच्यातील लेखनव्यवहाराची टीका काही अंशी ग्राह्य असली, तरी तिचा रोख तेवढाच नव्हता. द्यूमाच्या आफ्रिकी वंशाची त्यात हीन शब्दांत टवाळी होती. बदनामीबद्दल मिरकूरला शिक्षा झाली. पण वंश आणि वाङ्मयीन दर्जा यांची त्याने घातलेली सांगड पुढेही अस्पष्ट रूपात टिकून राहिली.

द्यूमाचे वडील तोमा-अलेक्झांद्र यांचा जन्म १७६२ मध्ये सँ-दोमँग या वसाहतीत झाला. त्यांची आई गुलाम होती. क्रांतीच्या काळात ते सेनापतिपदाला पोहोचले. १७९७ मध्ये एका पुलावर त्यांनी ऑस्ट्रियन घोडदळाला एकट्याने थोपवून धरले होते. नेपल्सच्या कैदेत दोन वर्षे काढून ते परतले ते खचलेल्या प्रकृतीनेच, आणि १८०६ मध्ये वारले. त्यांच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळाले नाही. मुलगा सुंदर हस्ताक्षराच्या बळावर १८२३ मध्ये ओर्लेआँच्या ड्यूकच्या कचेरीत नक्कलनवीस म्हणून लागला. पित्याची तलवार आणि पुत्राची लेखणी यांच्यामधले हे अंतर ज्याने घरातच अनुभवले, त्याच्या कादंबऱ्यांत पराक्रमाचे मोल कागदावर ठरताना दिसावे, यात नवल नाही. अर्थात चरित्रातून कलाकृती सिद्ध होत नाही. तरीही मोबदल्याविना राहिलेली निष्ठा हे आशयसूत्र द्यूमाकडे इतक्या वारंवार का येते, याचा एक धागा येथे मिळतो.

६

द्यूमानंतर या नायकाचे काय झाले, हे थोडक्यात पाहता येईल. जुलै १८५० च्या कायद्याने क्रमशः कादंबरी छापणाऱ्या वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर एक सांतीमचा जादा कर बसवला. साहसकथेला राज्यसंस्थेने किती गांभीर्याने घेतले होते, याची ही साक्ष समीक्षेने नोंदवायला हवी होती. फेव्हालच्या 'कुबडा' (१८५७) या कादंबरीतील लागार्देर हा मित्राच्या खुनाचा बदला घेण्यासाठी कुबड्याचे सोंग घेतो आणि सट्टेबाजांना कागदपत्रांवर सह्या करण्यासाठी आपली पाठ भाड्याने देतो. जॉन लॉच्या कागदी चलनाच्या काळात, रोख्यांच्या बाजारात, तलवारबहाद्दराची पाठ मेज होते. द्यूमाने सूचकतेने मांडलेला विरोध येथे दृश्यरूप घेतो. गोतिएच्या 'काप्तेन फ्राकास' (१८६३) मध्ये दरिद्री बॅरन सिगोन्याक फिरत्या नाटकमंडळीत सामील होतो आणि रंगमंचावर भित्र्या बढाईखोर शिपायाची भूमिका करतो. खरा शूर पुरुष खोट्या शूराचे सोंग आणून पोट भरतो. नायक स्वतःचेच विडंबन जगतो.

१८७१ च्या पराभवानंतरच्या पिढीने याच आकृतीत राष्ट्रीय दिलासा शोधला. २८ डिसेंबर १८९७ रोजी रंगमंचावर आलेल्या रोस्ताँच्या 'सिरानो द बेर्जेराक'चे अभूतपूर्व स्वागत झाले. इतिहासातील सिरानो पॅरिसमध्ये जन्मलेला. रोस्ताँने त्याला गॅस्कन केले, कारण द्यूमानंतर शौर्याची जन्मभूमी गॅस्कनीच असायला हवी होती. झेव्हाकोने याच्या उलट दिशा धरली. अराजकवादी विचारांसाठी तुरुंगवास भोगलेल्या या लेखकाचा पार्दायाँ हा नायक विसाव्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांतून वाचकांपुढे आला. राजे, ड्यूक आणि धर्मगुरू यांच्यासमोर तो मान तुकवत नाही आणि त्यांच्या हातून काही स्वीकारतही नाही. सार्त्रने १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आपल्या बालमनावरील पार्दायाँच्या पगड्याची उपरोधाने चिकित्सा केली आहे. एकट्याने जगाला वाचवण्याची ती कल्पना पुढे आपल्या लेखकपणाच्या कल्पनेत कशी शिरली, हे तो दाखवतो.

सार्त्रची ही कबुली आणि ग्रामशीचे तुरुंगातील टिपण यांचा रोख एकाच ठिकाणी आहे. 'अतिमानवा'च्या प्रचलित कल्पनेचे मूळ नीत्शेपेक्षा माँटे क्रिस्टोमध्ये शोधावे, असे ग्रामशीने सुचवले आणि उंबेर्तो एको याने १९७६ मध्ये त्या सूत्राचा विस्तार केला. अन्यायाचे निवारण समूहाऐवजी असामान्य व्यक्तीवर सोपवून ही कथा वाचकाला दिलासा देते आणि निष्क्रियही करते, असा हा आक्षेप आहे. माँटे क्रिस्टोला तो लागू पडतो. दार्तान्याँला तो पूर्णपणे लागू पडत नाही, कारण तो सर्वशक्तिमान नाही. तो नोकर आहे, पगाराची वाट पाहतो, राणीने दिलेला हिरा विकून मोहिमेचा खर्च भागवतो आणि वरिष्ठांच्या कृतघ्नतेला सरावतो. त्याच्या कथेतील दिलासा विजयाचा नाही. ज्या व्यवस्थेत मान विकत घेतला जातो, त्या व्यवस्थेत काही काळ तरी चौघांनी तो आपापसांत फुकट दिला, एवढाच तो दिलासा आहे.

३० नोव्हेंबर २००२ रोजी द्यूमाचे अवशेष पॅरिसच्या पाँतेओँमध्ये हलवण्यात आले. मस्केटिअरांच्या वेषातील घोडेस्वार शवपेटीसोबत होते, आणि त्याला सोसाव्या लागलेल्या वंशद्वेषाचा उल्लेख राष्ट्राध्यक्षांनी आपल्या भाषणात केला. मृत्यूनंतर एकशे बत्तीस वर्षांनी मिळालेली ही मान्यताही अखेर राज्यसंस्थेनेच बहाल केलेली होती. माकेचे नाव त्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर तेव्हाही नव्हते. वाङ्मयेतिहासातील 'लोकप्रिय' आणि 'अभिजात' ही प्रकरणे नव्याने लिहिण्याचे काम समारंभाने होत नाही. त्यासाठी या कादंबऱ्यांतील प्रत्येक कागद, त्यावरची सही आणि ती सही मिळवण्यासाठी मोजलेली किंमत पुन्हा वाचावी लागेल.